आभाळ मोकळं करणारा

बडोद्याच्या विमानतळावर पक्षी मारायला एक माणूस ठेवलेला असे, हे शहरात फार थोड्यांना ठाऊक होतं. सुभानराव ढमाले हरणी रोडच्या ज्या वस्तीत राहत, तिथेही ते ‘विमानतळावर सिक्युरिटीत’ आहेत एवढीच माहिती. त्याहून जास्त सांगायच्या भानगडीत तेही कधी पडले नाहीत. सकाळी सायकलला डबा लावून निघायचं, आत गेल्यावर बारा बोअरची बंदूक आणि काडतुसं ताब्यात घ्यायची आणि ऊन चढायच्या आत धावपट्टीच्या कडेला जाऊन उभं राहायचं. टिटव्या असत, बगळे असत, घारी असत, पण खरी धास्ती गिधाडांची. आधी सुतळी बॉम्ब लावायचा, मग हवेत बार काढायचा, आणि तरी हटली नाहीत तर नेम धरायचा.

शिकार घरात पिढीजात होती. आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात चित्तेवान होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीत बसवून ते माळावर न्यायचे आणि काळविटांचा कळप टप्प्यात आला की टोपी काढून त्याला सोडायचे. पुढे विमानतळ झाला तो त्याच बाजूला. देशातले चित्ते आजोबांच्या उमेदीतच संपत आले होते, म्हणून आफ्रिकेतून बोटीने मागवावे लागत. मग काळविटं दिसेनाशी झाली, संस्थान विलीन झालं आणि शिकारखान्याला कुलूप लागलं. वडिलांनी एका गिरणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून हयात काढली. सुभानरावांना नेम धरायला शिकवलं ते आजोबांनीच, परसातल्या कवठांवर. मारलेल्या जनावराजवळ जाऊन त्याच्या कपाळाला हात लावायचा, मगच त्याला उचलायचं, हाही त्यांचाच दंडक. सुभानराव तो पक्ष्यांच्या बाबतीतही पाळत. धावपट्टीवरचे लोडर त्यांना हसत, पण तोंडावर नाही.

विमानतळाच्या भिंतीपलीकडे, नाल्याच्या काठाला, मेलेली ढोरं टाकायची जागा होती. शहरातल्या तबेल्यांतली, म्हाताऱ्या गुरांच्या पांजरापोळेतली, रस्त्यावर मेलेली, सगळी तिथे येत. जीवाभाई म्हणून एक मध्यमवयीन गुजराती माणूस आणि त्याचे भाऊबंद तिथे कातडी सोलायचे. सोलून झालं की ते बाजूला होत आणि वरून गिधाडं उतरत. माणसाने चहा पिऊन बिडी ओढेपर्यंत बैलाचा सांगाडा झालेला असे. वास असा फारसा येतच नसे. पोट भरलं की ती जड पंखांनी जवळच्या झाडांवर जाऊन बसत आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं की एकामागून एक वर चढत, नेमकी विमानाच्या वाटेत.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात मुंबईला निघालेल्या विमानाच्या इंजिनात गिधाड शिरलं. विमान वळून परत उतरलं, कुणाला खरचटलंदेखील नाही. पण त्याच सुमाराला नव्या खासगी कंपन्यांची विमानं यायला लागली होती. गोरव्याच्या आणि त्यापलीकडच्या कारखान्यांचे साहेबलोक सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी घरी जेवायला परत यायला लागले होते. एक इंजिन म्हणजे काय किमतीची चीज असते, हे त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी होतं. विमानतळाचे अधिकारी कर्णिकसाहेब म्हणून होते, शांत माणूस, कुणावर आवाज चढवणारा नव्हे. त्यांनी सुभानरावांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाले, “सुभानराव, आता हाकलणं पुरे झालं. मला आभाळ रिकामं पाहिजे.”

तोवर सुभानराव महिन्याकाठी एखादं गिधाड पाडत असतील नसतील. आता ते रोजचं काम झालं. घार छर्रे लागताच दगडासारखी पडते. गिधाडाचं तसं नव्हतं. ते पंख पसरूनच खाली यायचं, गवतात उतरल्यासारखं बसायचं आणि जवळ गेलं की मान वर करून बघायचं. दुसरा बार जवळून टाकावा लागे. संध्याकाळी घरी आले की सुभानराव बाहेरच्या नळावर अंघोळ करून मगच उंबरठा ओलांडत. त्यांची बायको मंदा टॉवेल घेऊन उभी असे. चहात ती आलं जास्त घालत असे.

मारण्याने भागेना, तेव्हा घरट्यांचा विषय निघाला. भिंतीपलीकडच्या जुन्या आमराईत आणि रस्त्याकडेच्या चिंचांवर त्यांची घरटी होती, पिढ्यान्‌पिढ्या तीच. वरून मंजुरी आली. चार मजूर आले. कुठल्या फांद्या उतरवायच्या ते दाखवायचं काम सुभानरावांचं. महिना जानेवारीचा होता. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, आणि जानेवारीत पिल्लं घरट्यात असतात, हे त्यांना माहीत होतं. कर्णिकसाहेबांना त्यांनी तसं सांगूनही पाहिलं, म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत थांबू, मग घरटी रिकामी असतील. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मजूर आजच मिळालेत, असं उत्तर दिलं.

दिवसभर फांद्या पडत होत्या. घरटं म्हणजे काटक्यांचा मोठा पसारा, तो खाली आला की धूळ आणि पिसं उडायची. एका घरट्यातून पांढऱ्या कापसासारखं पिल्लू घरंगळत आलं. जिवंत होतं. मजुराने कोयत्याची उलटी बाजू उचलली, तर सुभानराव म्हणाले, थांब, मी बघतो. वर पिल्लाचे आईबाप गोल फिरत राहिले. एरवी गिधाडं नुसत्या आवाजाने पांगायची, त्या दिवशी ती पांगली नाहीत आणि आवाजही केला नाही. सुभानरावांनी त्या पिल्लाच्या कपाळाला आधी हात लावला, आणि मग पुढचं केलं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. डोकं दुखतंय, एवढंच म्हणाले.

पुढच्या तीन-चार वर्षांत आभाळ खरंच रिकामं होत गेलं. आधी त्यांना वाटलं, शहाणी झाली, दूर गेली. मग सकाळी दहाच्या सुमाराला वर बघायची सवय असलेल्या त्यांच्या मानेलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. तिथे घारी होत्या, अधूनमधून ढोकरी बगळा होता. गिधाडं नव्हती. अठ्ठ्याण्णवचं संपूर्ण वर्ष त्यांनी गिधाडावर एकही बार टाकला नाही, कारण टाकायला समोर काही आलंच नाही.

कर्णिकसाहेब खूश होते. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सुभानरावांना सगळ्यांसमोर एक ढाल दिली, गळ्यात हार घातला. एका गुजराती पेपरने आतल्या पानावर फोटो छापला, खाली ओळ होती, आभाळ मोकळं करणारा माणूस. त्या दिवशी वस्तीला कळलं की ढमाले तिथे नेमकं काय करतात. शेजारपाजारचे घरी येऊन अभिनंदन करून गेले. कोपऱ्यावरच्या सेवउसळवाल्याने पैसे घेतले नाहीत. मंदाने ढाल कपाटावर ठेवली, मग दोन दिवसांनी आपणहून उचलून ट्रंकेत टाकली.

सुभानरावांना मात्र यातलं काही पचेना. त्यांनी मारली होती, नाही असं नाही. पण एका सकाळी भिंतीपलीकडे जेवढी उतरत, तेवढीही त्यांच्या हातून आयुष्यभरात पडली नसतील. मग बाकीची गेली कुठे? आणि दुसरीकडे मनात हेही येई की पडली नसतील कशावरून? आजोबांच्या हाताखालून काळविटं गेली. चित्ते तर जगातून जिथून तिथून आणून संपवले. आपल्या घराचा हात ज्या जनावराला लागतो त्याचं बी उरत नाही, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मंदाला कळल्याशिवाय राहिलं नसणार. एकदा ती गहू निवडता निवडता सहज बोलावं तशी म्हणाली, “एवढं वाटतंय तर जाऊन बघून या ना पलीकडे.”

सुट्टीच्या दिवशी ते भिंतीला वळसा घालून नाल्यावर गेले. आमराईपर्यंत गेले होते, पण ढोरांच्या जागेवर इतक्या वर्षांत कधी गेलेच नव्हते. नाकाला रुमाल लावूनही उभं राहवेना. सोललेली ढोरं फुगून पडली होती, काहींवर किडे चढले होते, नाल्याचं पाणी तेलकट झालं होतं. आणि कुत्री, जिकडे नजर टाकावी तिकडे कुत्री. एरवी शहरात दिसतात तशी हाडकुळी नव्हेत. अंगाने भरलेली, लाल तोंडाची, माणूस जवळ आला तरी न उठणारी.

जीवाभाईंनी त्यांना ओळखलं. पेपरातला फोटो त्यांनीही पाहिला होता. राग असा नव्हता त्यांच्या बोलण्यात. मोडक्या बाजेवर जागा करून देत त्यांनी गुजरातीत विचारलं, “रावभाई, सगळी तुम्हीच मारली?”

“मला नाही वाटत,” सुभानराव म्हणाले.

जीवाभाईंनी मानेनेच चला म्हटलं आणि त्यांना आमराईकडे नेलं. फांद्या उतरवलेल्या झाडांना आता वेडीवाकडी पालवी फुटली होती. एका आंब्याच्या खोडापाशी पिसांचा आणि हाडांचा खच पडला होता, त्यात वाळलेली गिधाडं होती. वर एक जिवंत बसलेलं होतं. बसलेलं म्हणजे फांदीला धरून. मान छातीवर लोंबत होती, झोप अनावर झालेल्या म्हाताऱ्याची लोंबते तशी. मधूनच ते ती उचलायचा प्रयत्न करी आणि ती पुन्हा खाली जाई. कितीतरी दिवस असंच आहे, जीवाभाई म्हणाले, सगळी अशीच गेली. खातात, जाऊन बसतात, मान टाकतात आणि खाली येतात.

सुभानराव झाडाखाली उभे राहिले. हातात बंदूक नव्हती, ती सुट्टीच्या दिवशी कुलपात असे. दुपारपर्यंत ते तिथेच थांबले. गिधाड पडलं तेव्हा पंखसुद्धा उघडले नाहीत त्याने. जीवाभाईंनी पायाने उलटं करून बघितलं आणि म्हणाले, बघा, छर्रा कुठे आहे? सुभानराव खाली बसले आणि त्याच्या कपाळाला हात लावला. अंग अजून गरम होतं.

त्यानंतरच्या वर्षांत विमानतळावर त्यांचं काम बदललं. भिंतीला जिथे भगदाड असेल तिथून कुत्री आत यायला लागली होती. विमान उतरायच्या वेळेला दोन-चार तरी धावपट्टीवर असतच. पक्ष्यांसाठीची बंदूक कुत्र्यांवर चालवायची परवानगी नव्हती, म्हणून जीप आणि काठी घेऊन पळवायची. भगदाडं बुजवली जात, आठवड्याने दुसरी पडत. संध्याकाळी कुत्री हरणी रोडवर पांगत, वस्त्यांत शिरत, कचराकुंडीशी भांडत. सकाळी फिरायला जाणारे लोक हातात काठी घेऊन निघायला लागले.

मंदा त्यातल्या एकीला भाकरी घालायची. तांबूस रंगाची कुत्री होती, पिल्लं मेली होती तिची, दाराशी येऊन बसायची. सुभानरावांना ते आवडत नसे, पण त्यांनी तिला अडवलं नाही. २००१च्या पावसाळ्याच्या अखेरीला कधीतरी तिने मंदाच्या पिंडरीला दात लावला. चावली असं म्हणण्याजोगं नव्हतं, ओरखडा होता. मंदाने त्यावर हळद आणि चुना लावला आणि साडी खाली ओढली. घरात कुणाला बोलली नाही. बोलली असती तर नवऱ्याने कुत्रीला हाकलून दिलं असतं, असं तिला वाटलं असेल. कुत्री काही दिवसांनी दिसेनाशी झाली, तेव्हा मंदाला वाईटही वाटलं होतं.

दिवाळीच्या फराळाची चकली तळता तळता तिने पाय चोळायला सुरुवात केली. मुंग्या येतात म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताप. तिसऱ्या दिवशी सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला तर तिचा गळा असा आवळला की तांब्या हातातून उडाला. तेव्हा तिला आठवलं, आणि तिने सगळं सांगितलं. मुलगा हेरंब गोरव्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात होता, तो कंपनीची गाडी घेऊन आला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पायाकडे एकदाच पाहिलं. सुभानरावांना बाजूला घेऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं की कुत्री पिसाळलेली होती, आता औषध नाही, जवळ बसा, जपून बसा.

तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, पंखा बंद करून, कारण वारा अंगावर आला तरी ती कळवळायची. सुभानराव खुर्ची टाकून बसले. तिला तहान लागायची आणि पाणी दिसलं की अंग ताठ व्हायचं. कापूस ओला करून ओठांना लावावा म्हटलं तर तेही जमेना. मध्येच कुणाला तरी शिव्या देत उठायची. जन्मात तिच्या तोंडून असले शब्द त्यांनी ऐकले नव्हते. मग एकदम शांत व्हायची आणि डोळे अगदी नेहमीचे असायचे. अशाच एका शांत वेळी तिने त्यांच्याकडे वळून विचारलं, “अहो, तुमच्यावर नाही ना ओरडले मी?”

“नाही,” ते म्हणाले. “माझ्यावर कुठं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

लोक भेटायला आले, कुत्र्यांबद्दल बोलले, तक्रार करायला पाहिजे म्हणाले. सुभानराव कुणाचं ऐकत होते की नाही कळत नव्हतं. त्यांच्या मनात सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं होतं. आपण आभाळ मोकळं केलं, म्हणून ढोरं सडली, म्हणून कुत्री माजली, म्हणून मंदा. आमराईत आपल्या डोळ्यांदेखत बंदुकीशिवाय मेलेलं गिधाडही त्यांनी या हिशेबात बसवून टाकलं. शाप लागायला छर्राच लागतो असं थोडंच आहे. विचित्र वाटेल, पण या विचाराने ते मोडले नाहीत, त्याच्याच आधाराने ते उभे राहिले. दोन वर्षांनी निवृत्त झाले, बंदूक शेवटची पुसून जमा केली आणि हेरंबकडे सुभानपुऱ्यात राहायला गेले. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. गच्चीवर ते कधीच जात नसत.

तिथे २००५च्या उन्हाळ्यात इरा आली. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारी मुलगी, मूळची दांडिया बाजारातल्या मराठी घरातली, खांद्याला पिशवी आणि गळ्यात दुर्बीण. शहराच्या आसपास पूर्वी गिधाडं कुठे कुठे होती याची माहिती ती गोळा करत होती, आणि जुन्या पेपरातल्या त्या फोटोवरून शोधत आली होती. सुभानरावांनी तिला बसवलं, सुनेला चहा करायला सांगितलं. शिक्षा सुनावायला आलेल्या माणसाकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत होते. ती प्रश्न विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं की गिधाडं कशाने गेली.

इराने सांगितलं. जनावरांच्या दुखण्यावर, सुजेवर एक इंजेक्शन निघालं होतं, स्वस्त आणि गुणकारी. नव्वदीनंतर ते गावोगाव मिळायला लागलं. म्हाताऱ्या, आजारी ढोराला ते टोचायचं म्हणजे त्याचे शेवटचे दिवस सुखाचे जातात. ढोर मेलं की औषध त्याच्या मांसात राहतं, आणि ते गिधाडाच्या पोटात गेलं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. शेकडा एखाद्या ढोरात असलं तरी पुरे, कारण एका ढोरावर पन्नास उतरतात. परदेशातल्या लोकांनी दोन वर्षांपूर्वीच शोधून काढलंय. आता बंदी येईल म्हणतात.

“मुद्दाम कुणीच केलं नाही, काका,” ती म्हणाली. “पांजरापोळेतल्या लोकांनी तर दयेपोटीच केलं.”

पांजरापोळ सुभानरावांना ठाऊक होती. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी वस्तीतल्या बायका तिथे गाईंच्या चाऱ्याला आणि औषधपाण्याला वर्गणी देत, मंदाही दर वर्षी देई. पण हे त्यांनी इराला सांगितलं नाही.

“मग मी मारली ती?”

इराला वाटलं, म्हाताऱ्याला ओझं उतरवून हवंय. तिने मनापासून उतरवलं. म्हणाली, “तुम्ही मारलेली त्यात खिजगणतीतही नाहीत. तुम्ही एकही मारलं नसतं तरी आज ती नसतीच.”

सुभानराव ताडकन उठले. इतक्या वर्षांत घरच्या कुणी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. “खिजगणतीत नाहीत म्हणजे काय?” ते म्हणाले. “मी प्रत्येकाला हात लावलाय.” सून आतून धावत आली. इरा चहा तसाच ठेवून, माफी मागून निघाली.

नंतर त्यांनी हेरंबला तिचा नंबर लावायला सांगितला. ओरडलो ते चुकलं, असं तिला म्हणाले. पण झोप उडाली ती उडालीच. दोष आपला होता तेव्हा मंदाच्या मरणाला एक टोक तरी होतं, हाताला धरता येण्यासारखं. आता बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं. गाईवर दया करणारी माणसं होती, भाकरी घालणारी मंदा होती, साहेबांच्या हुकमाने नेम धरणारे ते स्वतः होते. हेरंबला ते एकदा म्हणाले, शाप होता तेच बरं होतं. हेरंबला काही उमगलं नाही. तो म्हणाला, बाबा, गोळी घेतली का?

पुढच्या हिवाळ्यात इराने फोन केला. डभोईच्या पुढे एका गावात महुड्याच्या, म्हणजे मोहाच्या झाडावर गिधाडांची जोडी आहे, अशी बातमी होती, येता का? ते लगेच तयार झाले. विद्यापीठाच्या जीपमधून निघाले, डभोईच्या दरवाज्यापाशी चहा घेतला, मग कच्च्या रस्त्याने कपाशीच्या शेतांतून. ज्याच्या बांधावर झाड होतं त्या शेतकऱ्याने उत्साहाने दाखवलं. घरटं होतं, चांगलं मोठं. पण जोडी होळीपर्यंत होती, तो म्हणाला. मग एकच राहिलं. ते बरेच दिवस यायचं, घरट्याच्या कडेला बसायचं, काटक्या इकडच्या तिकडे करायचं. पावसाळ्यानंतर तेही आलं नाही.

इराने फोटो काढले. सुभानराव बांधावर बसले होते, ते उठेनात. तिने शेजारी बसून विचारलं, पूर्वी विमानतळापाशी किती असतील हो, अंदाजे?

“किती ते नाही सांगता येणार,” ते म्हणाले. “सकाळी जमीन तापेपर्यंत जागची हलायची नाहीत. मग त्यातलं एक उठायचं. पंख हलवायचं नाही, नुसतं उघडायचं आणि वर जायचं, कुणीतरी दोरीने ओढतंय तसं. ते वर गेलं की दुसऱ्याला कळायचं, वारा उभा राहिला. मग सगळीच. खालून बघितलं की मधे पोकळ जागा दिसायची आणि भोवती फिरणारी गिधाडं, थरावर थर, वरची तर माशीएवढी. नेम धरायला बंदूक उचलली की माझी टोपी पडायची. तेवढं वर बघावं लागायचं.” मग जरा थांबून म्हणाले, “इतकं कुणी बघितलं नसेल त्यांना. काम होतं माझं ते.”

इरा लिहून घेत होती, तिने मध्येच पेन थांबवलं.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी सुभानराव तिला फोन करत आणि कुठे दिसलं का, एवढंच विचारत. ती नोकरीला डेहराडूनला गेली तरी फोन चालू होते. औषधावर बंदी आली, हे तिने कळवलं. नाल्याकाठची जागा बुजवून तिथे बंगल्यांची स्कीम झाली आणि जीवाभाई कुठे गेले पत्ता नाही, हे त्यांनी तिला सांगितलं. २००९च्या थंडीत छातीत कळ येऊन ते गेले. हेरंबने वडिलांच्या फोनमधले नंबर एकेक करून लावले, त्यात इराचाही लावला. तिने विचारलं की शेवटी काही म्हणाले का. हेरंब म्हणाला, नाही, सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, आणि बसल्या जागीच. मग बाहेर माणसं जमली होती म्हणून त्याने फोन ठेवला.